रोपं आडवी पडली तेव्हा



आज आम्ही तुमच्याशी रोपांबद्दल बोलणार आहोत. मिरचीची, टोमॅटोची, वांग्याची रोपं. रानातल्या गादीवाफ्यावरची नव्हेत, तर घरात, पडवीत, ओट्यावर ट्रेमध्ये वाढवलेली. आमचा अकरा जणींचा बचत गट आहे. पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही रोपं तयार करतो आणि गावातच विकतो. आता या कामाची घडी बसली आहे. पण पहिल्या वर्षी आमची निम्म्याहून जास्त रोपं गेली आणि रोपांबरोबर गटही मोडायला आला होता. ते कसं झालं, ते आधी सांगतो. कारण रोपं का आजारी पडतात, हे आम्ही त्यातूनच शिकलो.

त्या वर्षी गटाच्या बचतीतून बी, कोकोपीट आणि ९८ कप्प्यांचे ३० ट्रे आणले. १४ घरांनी विसार दिला होता. बाहेर पाऊस, कोंबड्या, शेळ्या. म्हणून एकीच्या घरची रिकामी खोली घेतली. पूर्वी तिथे गुरं बांधत. पूर्वेला एकच लहान खिडकी. त्या खोलीत २८ ट्रे मावले. उरलेले दोन ट्रे आमच्यातली सगळ्यांत धाकटी, नुकतीच लग्न होऊन गावात आलेली सून, आपल्या घरी घेऊन गेली.

मिरची उगवली. हिरवी नक्षी काढावी तसे ट्रे दिसायला लागले. आम्ही येता-जाता डोकावून बघायचो. आणि एके दिवशी सकाळी दार उघडलं, तर मधल्या ट्रेमधली रोपं आडवी! पानं अजून हिरवी होती, पण मातीलगत खोड दोऱ्याने आवळल्यासारखं बारीक आणि तपकिरी झालं होतं. दुसऱ्या दिवशी शेजारचे ट्रे. तिसऱ्या दिवशी त्याच्या पलीकडचे.

आता जे सांगणार आहोत, ते सांगताना आजही लाज वाटते. पण सांगायलाच हवं. आमच्यातली एक म्हणाली, "कुणाचा तरी विटाळ झालाय." धाकटीची त्या आठवड्यात पाळी होती आणि ती खोलीत येऊन गेली होती, हे दुसरीला आठवलं. तिसरी म्हणाली, "तरीच!" एवढं पुरे झालं. तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण गावात गोष्ट पोहोचायला कितीसा वेळ लागतो? चौथ्या दिवशी तिच्या सासूबाईंनी तिचं बचतीचं पासबुक परत पाठवलं. निरोप एकच होता, "आमच्या सुनेमुळे तुमचं नुकसान नको."

इकडे आमचे उपाय जोरात सुरू. एकीने दुकानातून औषध आणून अंदाजाने फवारलं. दुसरीने चिमूट-चिमूट युरिया टाकला. तिसरीने चुलीतली राख भुरभुरली. रोपं पडतच राहिली.

त्या दिवसांत कृषी सहायक ताई दुसऱ्याच कामासाठी गावात आल्या होत्या. आम्ही त्यांना खोलीत नेलं. त्यांनी पानांकडे बघितलंच नाही. आधी एक ट्रे दोन्ही हातांनी उचलला. खालून पाण्याची धार लागली. त्यांनी विचारलं, "यांना पाणी कोण घालतं?"

दहा जणींचे दहा हात वर झाले.

तेव्हा आमच्या ध्यानात आलं. जिला सवड मिळेल ती खोलीत यायची, वरचा थर सुकल्यासारखा दिसला की एक झारी फिरवून जायची. आधी कोण येऊन गेलं, ते कुणालाच ठाऊक नसायचं. दिवसातून पाच-पाच वेळा पाणी होत होतं. पाऊस आत येईल म्हणून खिडकीही बंद. सगळ्यांनी माया केली आणि तीच नडली.

ताईंनी आणखी विचारलं, "याच बियाण्याची रोपं दुसरीकडे कुठे आहेत का?" होती की. धाकटीच्या ओट्यावर. आम्ही मान खाली घालून तिच्या दारात गेलो. तिथले दोन्ही ट्रे भरलेले होते. रोपं बुटकी, गडद हिरवी, खोडं ताठ. बी तेच, कोकोपीट तेच, दिवस तेच. आणि हात? ज्या हाताला आम्ही नावं ठेवली, रोज त्याच हाताने त्यांना पाणी घातलं होतं. पाळीच्या दिवसांतसुद्धा. फरक इतकाच की तिला पाणी लांबून आणावं लागत होतं, म्हणून ती सकाळी एकदाच घालायची. आणि ओट्यावर वारा होता.

आधी बघायचं, मग करायचं

त्या दिवसापासून गटात नियम झाला. रोप आजारी दिसलं की त्याला काही द्यायचं नाही. आधी बघायचं. काय बघायचं, ते सांगतो.

पहिलं, आजार कुठे आहे? एखाद्या जागी ठिगळासारखा आहे आणि तिथून पसरतोय, तर बहुधा बुरशी किंवा कीड. सगळ्या ट्रेमध्ये एकसारखा आहे, तर पाणी, ऊन, खत किंवा बियाणं तपासायचं. फक्त खिडकीपासून लांबच्या ट्रेमध्ये आहे, तर उजेड कमी पडतोय.

दुसरं, कोणती पानं बिघडलीत? खालची जुनी की शेंड्याची कोवळी? यावरून बरंच कळतं. पुढे सांगतोच.

तिसरं, ट्रे उचलून बघायचा. ओला ट्रे जड लागतो, सुकलेला हलका. दोन-तीन दिवसांत हाताला वजन कळायला लागतं, जसं घागर उचलली की किती भरली आहे ते कळतं. वरचा थर लवकर सुकतो आणि आत ओल तशीच असते, म्हणून वरून बघून पाणी घालायचं नाही.

चौथं, मुळं बघायची. एका आजारी रोपाचा कप्पा खालून अलगद दाबायचा, मातीचा गड्डा वर येतो. मुळं पांढरी असली तर जीव आहे. तपकिरी, बुळबुळीत, कुजका वास येणारी असली तर पाणी जास्त झालंय.

आणि शेवटचं, एका वेळी एकच बदल. पाणी कमी केलं, औषध मारलं आणि खत दिलं, हे तिन्ही एकाच दिवशी केलं तर रोप सुधारलं कशाने आणि बिघडलं कशाने, हे कधीच कळत नाही.

आता एकेक तक्रार घेऊ.

बी उगवलंच नाही

टोमॅटो साधारण पाच ते सात दिवसांत उगवतो. वांगं आठवडाभर घेतं. मिरची आळशी, तिला आठ ते बारा दिवस लागतात, गारठा असला तर त्याहूनही जास्त. त्यामुळे पाचव्या दिवशी मिरचीचा ट्रे उकरून बघू नका.

दिवस उलटून गेले तरी उगवलं नाही, तर तीन कारणं तपासा. बी खोल गेलं का? मिरची-टोमॅटोचं बी अर्ध्या सेंटिमीटरहून खोल नको. कोकोपीट चिखल झालं होतं का? मूठभर घेऊन पिळलं की बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर बी आतच कुजतं. तिसरं, बी जुनं होतं का? पाकिटावर तपासणीची आणि मुदतीची तारीख असते. पेरण्याआधी घरीच चाचणी घेता येते. २० बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबदार जागी ठेवा. १६ उगवल्या तर शंभरात ८०. त्या हिशेबाने जादा पेरा. पाकीट आणि पावती हंगाम संपेपर्यंत फेकू नका. बियाणं खोटं निघालं तर तक्रार करताना ती लागतात.

रोपं मातीलगत कोलमडतात

हेच ते आमचं दुखणं. याला रोपांची मर म्हणतात. पिथियम, रायझोक्टोनिया अशा नावांच्या बुरशी मातीत, जुन्या ट्रेमध्ये, कधी पाण्यातही असतात. एरवी त्या गप्प बसतात. सतत ओल, दाटी, कोंदट हवा आणि ढगाळ दिवस मिळाले की कोवळ्या खोडावर चढतात. खोड मातीलगत कुजतं आणि रोप आडवं होतं.

एक गोष्ट मनावर दगड ठेवून मान्य करा. आडवं पडलेलं रोप परत उभं राहत नाही. त्याच्यावर औषध वाया घालवू नका. पडलेली रोपं आणि त्यांच्या आजूबाजूच्या कप्प्यांतली रोपं मातीसकट काढून लांब पुरून टाका. खतखड्ड्यात नको. मग पाणी थांबवा, खिडकी उघडा, ट्रे विटांवर उचलून ठेवा म्हणजे खालून वारा लागेल. ट्रेच्या तळाची भोकं बुजली असतील तर काडीने मोकळी करा.

उरलेल्या रोपांसाठी कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणात मुळाशी ओततात. पण आधी सहायक कृषी अधिकाऱ्यांना रोप दाखवा. औषध द्यायचंच असेल तर ट्रे अंगणात न्या. राहत्या घरात, चुलीजवळ, लेकरांच्या खोलीत औषधाचं भांडं उघडूसुद्धा नका. हातमोजे घाला, तोंडाला फडकं बांधा आणि औषधाचा माप-डबा स्वयंपाकाला कधीही वापरू नका.

खरा उपाय मात्र पेरणीच्या आधीचा आहे. जुने ट्रे ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवून, स्वच्छ धुऊन उन्हात वाळवा. शेतातली माती घालू नका. घरचं बी असेल तर त्याला ट्रायकोडर्मा चोळा. प्रमाण किलोला ५ ग्रॅम, म्हणजे आपल्या १० ग्रॅमच्या पुडीला नखावर मावेल एवढं. ट्रायकोडर्मा ही मित्र बुरशी आहे. ती वाईट बुरशीला जागाच ठेवत नाही. पण ती जिवंत असते, म्हणून तिच्यासोबत रासायनिक बुरशीनाशक देऊ नका. विकतच्या पाकिटातलं रंगीत बी आधीच औषध लावलेलं असतं. त्याला पुन्हा काही चोळू नका आणि पेरल्यावर हात साबणाने धुवा.

रोपं उंच, बारीक आणि फिकट

नवख्या बाईला ही रोपं बघून आनंद होतो. "बघा कशी भराभर वाढली!" पण ती वाढलेली नसतात, उजेड शोधत ताणलेली असतात. खोड दोऱ्यासारखं, दोन पानांमधलं अंतर जास्त, सगळी माना खिडकीकडे वळवलेली. अशी रोपं रानात लावली की पहिल्याच वाऱ्यात मोडतात.

पेरल्यावर ट्रे एकावर एक रचून कागदाने झाकतात, ते उबेसाठी. ते बरोबरच आहे. पण रोज उघडून बघायचं. पहिले कोंब दिसले त्याच दिवशी ट्रे उजेडात मांडायचे. एक-दोन दिवसांचा उशीरही खोड ताणायला पुरतो. नंतर त्यांना सकाळचं ऊन मिळेल अशी जागा द्या आणि ट्रे रोज फिरवा. खोलीत उजेडच नसेल तर पांढरी एलईडी नळी रोपांपासून वीतभर अंतरावर बांधून दिवसाचे बारा-चौदा तास लावता येते. पण ओटा किंवा पडवी असेल तर विजेचं बिल कशाला?

आणि ताणलेल्या टोमॅटोला एक सोय आहे. त्याचं खोड मातीत गेलं की तिथून नवी मुळं फुटतात. म्हणून लावताना तो पहिल्या पानांपर्यंत खोल लावा. मिरचीच्या बाबतीत या सोयीवर विसंबू नका. ती मुळातच ताणू देऊ नका.

पानं पिवळी पडतात

बी फुटल्यावर जी पहिली दोन गुळगुळीत पानं येतात, ती पुढे पिवळी होऊन गळतात. तो आजार नाही, त्यांचं काम संपलेलं असतं.

त्यानंतरची पानं पिवळी पडत असतील, तर आधी ट्रे उचला. जड आहे? मग पाणी जास्त आहे. मुळं गुदमरली की खत असूनही रोपाला ते घेता येत नाही. आधी सुकू द्या.

ट्रे हलका आहे, मुळं पांढरी आहेत आणि खालची जुनी पानं पिवळी होतायत, तर नत्र कमी आहे. घरात धान्य कमी पडलं की आई आपल्या ताटातलं लेकरांना वाढते ना, तसंच रोपाचं आहे. जुनं पान आपल्यातलं नत्र कोवळ्या पानाला देतं आणि स्वतः पिवळं पडतं. कोकोपीटमध्ये खताचा अंश फारसा नसतो, म्हणून दोन खरी पानं आली की थोडं खाऊ घालावं लागतं. आम्ही १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला २ ग्रॅम घेऊन आठवड्यातून एकदा देतो. युरिया चिमटीने टाकायचं कधीच बंद केलं.

उलट शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या असतील, तर लोह कमी पडतंय. लोह जुन्या पानातून नव्यात जात नाही, म्हणून कळा कोवळ्या पानावर दिसते. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने हे होतं आणि सारखी ओल असली तरी होतं. दोन्ही तपासा. पावसाचं पाणी धरता आलं तर रोपांसाठी त्यासारखं पाणी नाही.

पानांच्या कडा करपतात

कडा तपकिरी, कुरकुरीत आणि कोकोपीटवर पांढरट थर दिसतो. हे भूक नव्हे, अजीर्ण आहे. खत जास्त झालं, पाणी क्षारयुक्त आहे किंवा कोकोपीट न धुतलेलं आहे. स्वस्तातल्या कोकोपीटमध्ये मीठ असतं. तेव्हा खत बंद. ट्रे बाहेर नेऊन एकदाच भरपूर गोड पाण्याने धुवा, इतकं की खालून पाणी वाहून जाईल. मग नीट निथळू द्या आणि हलका होईपर्यंत थांबा. करपलेलं पान सुधारत नाही. नवं पान कसं येतंय, ते बघा.

हिवाळ्यात टोमॅटोच्या पानांची खालची बाजू जांभळी झाली, तर घाबरू नका. थंडीत मुळांना स्फुरद उचलता येत नाही. रात्री ट्रे आत घ्या, ऊब मिळाली की नवी पानं हिरवी येतात.

पानं गोळा होतात, मुडपतात

मिरचीचा चुरडा-मुरडा, म्हणजेच बोकड्या, तुम्हाला ठाऊक आहेच. पान वरच्या बाजूला वळून होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे. खालच्या बाजूला वळून उलट्या होडीसारखं झालं असेल तर कोळी. पांढऱ्या कागदावर रोप हलकेच झटका, बारीक पिवळसर किडे धावताना दिसतील. पांढरी माशी असेल तर रोप हलवताच पिठासारखी उडते. ती नुसता रस शोषत नाही, विषाणूही पसरवते. विषाणू लागलेल्या रोपाला औषध नाही. ते उपटून पुरायचं.

पिवळ्या चिकट पट्ट्यांवर पांढरी माशी येते, निळ्यांवर फुलकिडे. खिडकीला आणि ओट्यावरच्या ट्रेला बारीक जाळी लावा. सुरुवात असेल तर पाच टक्के निंबोळी अर्क. ५० ग्रॅम वाटलेल्या निंबोळ्या लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी गाळा, थोडा साबण घाला आणि ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूला फवारा. मातीवर बारीक काळी चिलटं उडत असतील तर ती ओल जास्त असल्याची खूण आहे. वरचा थर सुकू द्या, ती कमी होतात.

हाताचा दोष कोणता?

आता हाताबद्दल बोलू. कारण आमची चूक तिथेच झाली होती.

पाळीतल्या बाईच्या हाताने रोप मरत नाही. आमच्या डोळ्यांदेखत दोन ट्रे त्याच हाताखाली वाढले. पण एका हाताने रोपाला खरोखर आजार होतो. तो हात तंबाखूचा, विडीचा. तंबाखूच्या झाडाला एक विषाणूजन्य रोग होतो, आणि तो टोमॅटो-मिरचीलाही लागतो. तंबाखू वाळली, कुटली तरी तो विषाणू तिच्यात तग धरू शकतो. सकाळी तंबाखू मळली आणि त्याच बोटांनी रोपं हाताळली, तर तो रोपांत जाऊ शकतो. मग पानांवर फिकट-गडद हिरवे चट्टे उमटतात, पानं वेडीवाकडी होतात. आमच्या गटात तंबाखू खाणाऱ्या चौघी आहेत. आणि खरं सांगायचं, तर विटाळाचं सगळ्यांत मोठ्याने बोलणाऱ्या त्यांच्यातल्याच होत्या! आता खोलीच्या दाराशी साबण आणि पाण्याचं तपेलं असतं. कुणीही असो, हात धुतल्याशिवाय आत यायचं नाही.

आणि हाताचा एक गुणही सांगतो. टोमॅटोची रोपं कोरडी असताना त्यांच्या शेंड्यांवरून रोज सकाळी तळहात हलकेच दहा-वीस वेळा फिरवला, तर ती वाऱ्यात वाढल्यासारखी बुटकी आणि टणक होतात. लेकराच्या डोक्यावरून फिरवतो तसा हात. ओल्या किंवा आजारी ट्रेवर मात्र फिरवू नका.

विकण्याआधी

टोमॅटो २५ ते ३० दिवसांत, वांगं महिन्या-सव्वा महिन्यात आणि मिरची ३५ ते ४५ दिवसांत लावणीला येते. त्याआधीचा आठवडा रोपांना कणखर करायचा. पाणी थोडं तोडायचं, ऊन हळूहळू वाढवायचं. खोलीतून थेट रानात नेलेलं रोप माना टाकतं.

आजारी ट्रे स्वस्तातही विकू नका. ज्या बाईने आपल्यावर भरवसा ठेवून विसार दिला, तिचा पुढचा सगळा हंगाम त्या रोपांवर उभा असतो. पहिल्या वर्षी आम्ही १४ पैकी सहाच घरांना रोपं देऊ शकलो. उरलेल्या आठ घरी जाऊन विसार परत केला आणि झालं ते जसंच्या तसं सांगितलं. त्यातली पाच घरं पुढच्या वर्षी परत आली. आता आम्ही शंभर रोपांची मागणी असली की ११० पेरतो.

आणि धाकटी? तिच्या दारात आम्ही सगळ्या जणी गेलो होतो, ते सांगितलंच. तिचं पासबुक बरोबर नेलं होतं. सासूबाईंच्या देखत सांगितलं, "चूक आमची होती. पाण्याची होती." त्या काही बोलल्या नाहीत. आत जाऊन चहा ठेवला. धाकटी मात्र लगेच आली नाही. तिला यायला महिना लागला, आणि तो तिचा हक्क होता.

आता खोलीच्या दारामागे एक वही टांगलेली असते. ती धाकटी सांभाळते. वहीत चारच रकाने आहेत: तारीख, पाणी कुणी आणि किती वाजता घातलं, खत किंवा औषध काय दिलं, रोपांत काय दिसलं. ज्या दिवशी ट्रे जड असतो, त्या दिवशी ती पाण्याच्या रकान्यात लिहिते, "आज नाही." मग कुणी कितीही मायेने झारी उचलली तरी ती खाली ठेवावी लागते.

तुमच्या घरी रोपं असतील, तर या आठवड्यात एवढंच करा. एक वही टांगा आणि पाणी घालण्याआधी ट्रे उचलून बघा. एखादं रोप आडवं झालंच, तर कुणाला बोल लावण्याआधी वही उघडा. आमच्याकडे त्या वर्षी वही असती, तर एका लेकीला महिनाभर घरात बसावं लागलं नसतं.